कापलेल्या सीतेचा दिवा

सीतेची मान मी माझ्या हातानं कापली. कातडं कापायच्या रापीनं, आखलेल्या रेषेवरून, एका दमात. कातडं कुठं तडकलं नाही की रंगाचा कपचा उडाला नाही. काम झकास झालं म्हणून मी स्वतःवर खूश झाले आणि त्या खुशीत कपभर चहा जास्त प्यायले. हे लिहायचं मनात नव्हतं. पण संपादकांनी ‘तुमच्या कामातला एखादा अनुभव लिहा’ म्हटलं आणि मला दुसरं काही सुचेना.

आधी माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत कातड्याचे दिवे करते. माहेर आणि सासर दोन्ही चपलांचं. फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून चपलेवरच्या वेण्या विणल्या. चपलेचं कातडं कमावलेलं असतं. बाभळीच्या सालीत, हिरड्यात मुरवून ते इतकं घट्ट करतात की माणूस झिजेल पण चप्पल झिजणार नाही. पण त्यातून उजेड जात नाही. दिव्याला लागतं ते बकऱ्याचं कच्चं कातडं. खाटकाकडून आणायचं, भिजवायचं, केस आणि मागची चरबी खरवडून काढायची आणि चौकटीला चारी बाजूंनी ताणून उन्हात ठेवायचं. वाळलं की ते तेलकट कागदासारखं होतं. मागं बोट धरलं तर पुढून बोटाची सावली दिसते. मग त्यावर चित्र काढायचं, अंगावरच्या दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची, दोन्ही बाजूंनी रंगवायचं आणि थोडं ओलसर करून लोखंडी सांगाड्यावर कातड्याच्या वादीनं शिवायचं. सुकताना ते आवळतं. सांगाडा लेचापेचा असला तर वाकवूनही टाकतं. आमचे हे पूर्वी वेल्डिंगच्या वर्कशॉपात होते, सांगाडे तेच करतात. आत बल्ब लावला की भोकांतून ठिणग्यांसारखा उजेड पडतो आणि भिंतीवर पानाफुलांच्या सावल्या येतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई मोराचा दिवा बघून हरखल्या. देवघरात लावते म्हणाल्या. “कसला कागद हो हा?” मी खरं ते सांगितलं. त्यांनी दिवा असा खाली ठेवला की जणू हात भाजला. देवापुढच्या पखवाजाला काय लावलेलं असतं हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले आणि तोच मोर घेऊन गेले. म्हणाले, “हॉलमध्ये लावतो. तिला सांगितलंय, दुसरा आणला, प्लास्टिकचा.”

ही कला मला शिकवली मल्लाप्पांनी. ते सीमेपलीकडच्या गावातले, कातडी बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या घरातले. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि पडद्याला टेकवून नाचवलेल्या बाहुल्यांच्या रंगीत सावल्या. रामायणाचा खेळ ते सबंध करायचे. चपलांचा धंदा बसला त्या काळात इथं बायकांसाठी महिनाभराचं शिबिर झालं, तिथं ते शिकवायला आले होते. पहिल्या दिवशी आम्ही पंधराजणी होतो. ओल्या कातड्याचा वास घेऊन तिसऱ्या दिवशी चौघी उरलो. शेवटी मी एकटी. “तंगी,” ते मला म्हणाले, “तुज्या हाताला कातडं कळतंय.” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. तेव्हापासून मी त्यांना आप्पा म्हणायला लागले. पुढं खेळांना कोणी बोलवेना. बायको गेली, तसे आप्पा इथं जवळच गडमुडशिंगीला मुलीकडं येऊन राहिले. बाहुल्यांची पेटी गावाकडं मुलाच्या, बसवराजच्या घरी राहिली.

आता त्या ऑर्डरविषयी.

पुण्याच्या अनघा मॅडम हॉटेलं सजवून द्यायचं काम करतात. कोल्हापूरजवळ हायवेला एक मोठं हॉटेल होत होतं, त्याच्या दर्शनी हॉलसाठी त्यांना नऊ दिवे हवे होते. इतकी मोठी ऑर्डर मला कधी आलेली नव्हती. पण मॅडमना नवं कातडं नको होतं. त्यांनी गाडीतून एक लाकडी खोकं उतरवलं आणि उघडलं. आत चौदा जुन्या बाहुल्या, एकावर एक, मध्ये जुनी धोतरं घातलेली.

“शालनताई, हा पिवळेपणा बघा. हा नव्या कातड्याला येईल का?”

येणार नव्हता. मी सीता उचलली. कमरेएवढी उंच. कमरपट्ट्याची भोकं इतकी बारीक की सुईचं टोक जाईल न जाईल. उजव्या कोपराला कधीतरी ठिगळ लावलेलं, तेही मन लावून. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

“कुठं मिळाल्या?”

“मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून. रीतसर घेतल्यात, काळजी नको.”

मला चोरीची काळजी नव्हती. कातडं तडकेल ही होती. दिवा हातभर उंच, बाहुली त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणजे डोकं वेगळं काढून एका बाजूला आणि धड दुसऱ्या बाजूला बसवायचं. इतकं जुनं कातडं गोल वळवताना पापडासारखं मोडणार आणि पाण्यात घातलं तर रंग जाणार. मी आप्पांना फोन लावला.

“आप्पा, जुनं, रंगवलेलं कातडं मऊ कसं करायचं?”

“कसलं कातडं गं? तबल्याचं?”

“व्हय, तसलंच कायतरी.”

मी खोटं बोलले. त्या वेळी वाटलं, एवढं सगळं फोनवर कुठं सांगत बसा. पण खरं म्हणजे बाहुल्या कापणार आहे हे त्यांना आवडणार नाही, अशी एक शंका माझ्या मनाला चाटून गेली होती. ती मी तिथंच दाबली. इतकी मोठी ऑर्डर माझ्या हातातून जाऊ नये, एवढंच मला दिसत होतं.

आप्पांनी मनापासून सांगितलं. पाण्यात बुडवायचं नाही. मांजरपाटाचं कापड ओलं करून पिळायचं, त्यात गुंडाळून दिवसभर सावलीत ठेवायचं. मग मागून खोबरेल लावून तळहाताच्या उबेनं चोळायचं. “घाई करू नगंस. म्हाताऱ्या माणसाचं हातपाय चोळतीस न्हवं, तसं चोळ.”

मी तसंच केलं. कातडं लोण्यासारखं मऊ झालं. मग कापलं. राम, सीता, लक्ष्मण, दशरथ, कैकेयी, मंदोदरी आणि तीन नाचणाऱ्या बायका. रावण दहा तोंडांचा, सांगाड्यावर मावेना. तो, मारुती, दोन वानरं आणि हरीण असे पाच राहिले. महिनाभर मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. नऊ दिवे तयार झाले आणि ते दुकानात पेटवले तेव्हा रस्त्यावरची माणसं दारात थांबून बघायला लागली.

माल न्यायच्या आदल्या दिवशी मी आप्पांना बोलावलं. मला शाबासकी हवी होती. ते सकाळीच गडमुडशिंगीहून वडापच्या जीपनं आले. ह्यांनी खुर्ची दिली, पण आप्पा बसेनात. मंदोदरीच्या दिव्यापुढं उभे राहून म्हणाले, “बेस झालंय. टाकं बघ की कसं एकसारखं हायती.” माझी छाती फुगली. मग ते सीतेच्या दिव्याकडं वळले. चेहरा बघितला. दिवा हळूच फिरवला. मागच्या बाजूला धड होतं. कोपरावरच्या ठिगळावर त्यांचं बोट थांबलं.

मग त्यांनी भिंत धरली.

“आप्पा, काय झालं? बीपीची गोळी घेतलीसा का?” हे धावले.

“हे ठिगळ माजं हाय,” आप्पा म्हणाले. “मी लगीन व्हायच्या आदी लावलंय. बानं मारलं हुतं मला, सीता पाडली म्हणून. दोरा न्हवता, आईच्या लुगड्याचा सोडवून घेतला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ते सगळं खोकंच आप्पांच्या घरचं. आप्पा दिव्यादिव्याकडं गेले आणि एकेकाचं नाव घेतलं, घरातल्या माणसांना हाक मारावी तसं. नवव्या दिव्याशी थांबून त्यांनी मला विचारलं, “तबल्याचं कातडं ते हेच व्हय?”

मी मान हलवली.

“म्हंजे मीच सांगितलं तुला. कसं कापायचं ते.”

ते ओरडले असते, दिवे फोडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. मग हळूहळू बोलले, ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. शिबिरात त्यांनी आम्हाला भोकं पाडायला शिकवलं, रंग शिकवले, पण हे नाही; बहुधा दिवे करणाऱ्या बायकांना त्याची गरज पडेल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांच्या घरात बाहुली तयार झाली की तिचे डोळे सगळ्यात शेवटी कोरतात. डोळे उघडले की ती जिवंत झाली. थकली, फाटली, खेळातून उतरली की तिला न्हाऊ घालतात, गोडाचा घास दाखवतात, ओठाला पाणी लावतात आणि नदीत सोडतात. घरातलं माणूस गेल्यावर करतात तसं सगळं. “जित्तेपणी कुणी कापत न्हाई, तंगी.”

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, की मला उठवलंही नाही.

अनघा मॅडमना फोन करून सांगितलं, दिवे देता येत नाहीत. त्या तासाभरात आल्या, हॉटेलवरच होत्या. आधी चिडल्या. “ताई, उद्घाटन चार दिवसांवर आलंय! आणि वस्तू माझी आहे, तुम्ही ती अडवून ठेवणार?” त्यांचं चूक नव्हतं. मी आप्पांकडं बोट दाखवून म्हटलं, “मॅडम, ह्या बाहुल्या ह्यांच्या घरच्या.”

मॅडम गोंधळल्या. त्यांनी मोबाइल काढला. “पण व्यापाऱ्यानं मला सगळी माहिती पाठवली होती. हे बघा, त्या घरातल्या मुलाचा फोटो, पेटीसकट. ते स्वतःच देतायत.” फोटोत बसवराज होता. अंगणात पेटी, तिच्यावर हात ठेवून उभा. फोटोबरोबर त्यानं लिहून दिलेल्या दोन ओळी होत्या, त्या मॅडमनी भाबडेपणानं मोठ्यानं वाचल्या.

“‘खेळ करणारे वडील वारले. घरात आता कोणी खेळ करत नाही.’”

वाचून झालं आणि त्यांनी वर बघितलं. समोर आप्पा बसलेले, हातात पाण्याचा पेला. मुलानं बापाला कागदावर मारून टाकलं होतं आणि बाप ते ऐकत होता. ह्यांनी पुढं होऊन दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं. का ओढलं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

“मी वारलो म्हणाला?” आप्पांनी विचारलं.

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

“बसवराजला फोन लावू का?” मी म्हटलं.

“नगं. काय बोलायचं त्येच्याशी? मेलोय न्हवं मी.” मग पेला खाली ठेवून म्हणाले, “त्येचंबी काय चुकलं? वरसातनं एकदा तरी पेटी उघडून त्यांना उजेड दावावा लागतोय. मी किती वरसं उघडली न्हाई. जायचं, जायचं म्हणत हितं लेकीच्यात बसून ऱ्हायलो.”

मॅडम त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. “आजोबा, मी मालकांशी बोलते. नऊच्या नऊ तुम्हाला परत देते. हॉटेलात दुसरं काहीतरी लावू.”

आप्पांनी नकार दिला. कापलेली बाहुली नदीत सोडत नाहीत, पुरं अंग लागतं. परत शिवली तरी ती पडद्यावर उभी राहणार नाही. मग घरी नेऊन काय करायचं? “टांगा तुमी. फकस्त टांगल्यावर मला एकदा आत सोडा. मानसं यायच्या आदी.”

पुऱ्या असलेल्या पाच बाहुल्या मॅडमनी तिथंच त्यांच्या स्वाधीन केल्या. मी म्हटलं, निदान ह्या तरी ठेवा, मारुती काय देखणा आहे. “रामाबिगर मारुतीनं करायचं काय?” एवढंच ते म्हणाले. दोन दिवसांनी मुलीला घेऊन त्यांनी त्या पाचही पंचगंगेत सोडल्या. मला बोलावलं नाही. असलं काम पाण्यात गेलं याची हळहळ वाटली, पण बोलायचा हक्क मी घालवून बसले होते.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही हॉटेलात गेलो. आप्पांनी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि डोक्याला पटका बांधला होता. हॉल केवढा तरी, नुसता काचांचा. छताखाली कमीजास्त उंचीवर नऊ दिवे जळत होते. फुलवाले, वेटर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांची पळापळ चालली होती. आप्पा मध्यभागी जाऊन उभे राहिले, वर बघितलं आणि एकाएकी दशरथाच्या आवाजात बोलायला लागले.

मी त्यांचा खेळ कधी बघितला नव्हता. त्या वाळक्या देहातून तसला आवाज निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. फुलवाल्याच्या हातातली दांडी तशीच राहिली. मग कैकेयी बोलली, किनऱ्या, ताठ आवाजात. मग लक्ष्मण. प्रत्येक दिव्याखाली जाऊन ते त्या त्या पात्राचं कानडीत बोलत होते. माझी आई सीमाभागातली, त्यामुळं मला बरंच कळत होतं. मॅनेजर तरातरा आला तो अनघा मॅडमनी त्याला हातानंच थोपवला.

सीतेच्या दिव्याखाली आप्पा गप्प उभे राहिले. मला वाटलं, आता जमणार नाही त्यांना. मग एक बारीक, दमलेला, बाईचा आवाज आला. सीता धरणीला हाक मारत होती. “अव्वा,” आई, मला आता आत घे, माझं इथलं झालं. इतकंच.

मग आप्पांनी पेलाभर पाणी मागितलं आणि शिडीवर पाय ठेवला.

“आजोबा! करंट बसंल!” इलेक्ट्रिशियन किंचाळला आणि शिडीला येऊन भिडला. मॅडम बटणांच्या पाटीकडं धावल्या आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला. हॉल अंधारला नाही, बाहेर ऊन होतं. पण दिव्यांतली माणसं मात्र एकदम विझली, मातकट झाली. मी आणि ह्यांनी शिडी धरली. आप्पांनी पाण्यात बोट बुडवून सीतेच्या ओठाला लावलं. खाली उतरले. शिडी सरकवली. परत चढले. असे नऊ वेळा. त्या वयात. तिसऱ्या दिव्यापासून इलेक्ट्रिशियन त्यांच्या मागोमाग कमरेला हात लावून चढत होता.

सगळं झाल्यावर त्यांनी उरलेलं पाणी दाराशी एका कुंडीत ओतलं आणि माझ्याकडं आले.

“झालं. आता ह्येंच्यात कोन न्हाई. आता हे तुजं दिवं.” आणि मॅडमना म्हणाले, “लावा बाई लाईट.”

दिवे लागले. मला वर बघवेना. आप्पा मात्र बघत होते, डोळे बारीक करून, शिबिरात आमचं काम बघायचे तसे.

“उजेड बरा पडलाय,” ते म्हणाले. “पर सीतेच्या मानंपाशी टाका आवळलायस. पावसाळा सरून हवा सुकली की कातडं ओढंल आणि तितं फाटंल. दिवाळीच्या आदी येऊन सैल कर.”

बापलेकांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. बसवराज गडमुडशिंगीला येऊन दोन दिवस राहून गेला, एवढं त्यांच्या मुलीकडून कळलं. जुन्या बाहुल्या घेऊन माझ्याकडं अजून लोक येतात. मी त्यांना चहा देते, बाहुली कुणाच्या घरची ते विचारते आणि रापी खोक्यात ठेवते.

दर वर्षी दिवाळीच्या आधी मी हॉटेलात जाते. तिथला वॉचमन मला ओळखतो, शिडी काढून ठेवतो. मेन बंद करायला लावते आणि वर चढते. सीतेच्या मानेशी कातडं वादीवर ताणून बसलेलं असतं. मी एकेक टाका सैल करते, मागून खोबरेल लावते आणि तळहाताच्या उबेनं चोळत राहते. खाली वेटर खोळंबलेले असतात, कोणीतरी विचारतं, मावशी, झालं का? मी घाई करत नाही.